डिजिटल ‘भटके’: एका उसन्या शब्दाविरुद्ध

गेल्या काही वर्षांत आपल्या पुरवण्यांत आणि प्रवासलेखनात एक नवा नायक वावरू लागला आहे. पगार तो थंड हवेच्या, श्रीमंत देशातल्या कंपनीचा घेतो, काम संगणकावर करतो आणि राहायला मात्र उन्हाच्या देशात जातो. हा देश कधी पोर्तुगाल असतो, कधी मेक्सिको, कधी बाली बेट. इंग्रजीत त्याला ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांच्या १९९७ सालच्या पुस्तकाचे हेच नाव होते. तेव्हा ते एक भाकीत होते. आज तो सरकारी व्हिसाच्या नावात शिरलेला शब्द आहे. मराठीत तो बहुधा जसाच्या तसा येतो. पण त्याचे मराठी करायची वेळ आली, की हात आपोआप ‘डिजिटल भटके’ या शब्दजोडीकडे वळतो. आमचे म्हणणे असे, की हा हात वेळीच अडवायला हवा.

हा शब्दच्छल नव्हे. एखाद्या सामाजिक घटनेला आपण कोणते नाव देतो, यावर तिच्याविषयी कोणते प्रश्न विचारता येतील हे ठरत असते. ‘भटका’ म्हटले की प्रश्न येतात ते वाटेचे, मोकळेपणाचे, एकाकीपणाचे. भाड्याचा, वेतनाचा, घर कोणी रिकामे केले याचा प्रश्न या शब्दातून उगवत नाही. आणि आमच्या मते खरे प्रश्न तेवढेच आहेत.

मराठीपुरते बोलायचे तर ‘भटका’ हा शब्द रिकामा पडलेला नाही, की कोणी यावे आणि त्यात बिऱ्हाड मांडावे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अनेक फिरस्त्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना, तारेच्या कुंपणातल्या वसाहती हे त्यांच्या वाट्याला आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, म्हणून त्या ‘विमुक्त’. ‘भटक्या-विमुक्त’ हा जोडशब्द आपल्याकडे शासकीय वर्गवारी आहे, चळवळ आहे आणि साहित्यातला एक प्रवाहही आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचलेल्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको, की या परंपरेतले भटकणे ही आवड नसते. गावाने थारा न दिल्यामुळे आणि पोटाने एका जागी बसू न दिल्यामुळे ते घडते. आजही या समाजांतील कितीतरी कुटुंबांची अडचण हीच असते, की रहिवासाचा पुरावा नाही म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून योजना नाही.

आता दुसरा ‘भटका’ पाहा. त्याच्या अर्जाला मासिक उत्पन्नाचा पुरावा लागतो, नोकरीचा करार लागतो, राहण्याच्या जागेचा कागद लागतो, आणि आपल्या नावावर गुन्हा नसल्याचा दाखलाही लागतो. एकाला जन्माने गुन्हेगार ठरवले गेले. दुसऱ्याला निष्कलंक असल्याचे प्रमाणपत्र देऊन आत घेतले जाते. या दोघांसाठी मराठीने एकच शब्द वापरावा, हे आम्हांला भाषेच्या दृष्टीने आळशीपणाचे आणि नैतिक दृष्टीने असह्य वाटते.

तर मग हा माणूस आहे तरी कोण? पोर्तुगालचे उदाहरण घेऊ, कारण तिथे ही सारी व्यवस्था उघड्यावर दिसते. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस पोर्तुगालने दूरस्थ काम करणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला. त्याची मुख्य अट अशी, की अर्जदाराचे मासिक उत्पन्न पोर्तुगालमधील किमान वेतनाच्या किमान चौपट असावे. २०२५ साली हे किमान वेतन ८७० युरो होते. म्हणजे त्या वर्षी अर्जदाराकडे दरमहा ३,४८० युरो असावे लागत. ही अट शांतपणे वाचण्यासारखी आहे. तुम्ही आमच्या देशात या, पण आमच्यातल्या एका मोठ्या वर्गाच्या चौपट कमावत असाल तरच या, असे एक राज्य आपल्या कायद्यात लिहून ठेवते. मग तो चौपट कमावणारा आणि तो एकपट कमावणारा लिस्बनच्या एकाच गल्लीत भाड्याने घर शोधू लागतात. घर कोणाला मिळणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हवा हा या व्यवहारातला गौण भाग आहे, असे आम्ही म्हणत नाही. ऊन हवेसे वाटणे यात लाजण्यासारखे काही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले क्षयरोगी हिवाळा काढण्यासाठी माडेइरा बेटावर जात. आपल्याकडे ‘हवापालट’ हा त्यासाठीचा नेमका आणि प्रामाणिक शब्द आहे; त्यात दुखणे मान्य केलेले असते आणि परतणे गृहीत धरलेले असते. त्याच माडेइरावर पोंता दो सोल नावाचे गाव आहे. अर्थ, सूर्याचे टोक. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे अशा दूरस्थ नोकरदारांसाठी खास ‘गाव’ थाटले गेले. पूर्वीचा पाहुणा फुप्फुसांसाठी येई. आताचा पाहुणा येतो तो दोन देशांच्या भावांतली तफावत घेऊन. पगार उत्तरेच्या भावाने, भाडे दक्षिणेच्या भावाने: या बेरीज-वजाबाकीत जे उरते, त्याला त्याच्या लेखनात ‘स्वातंत्र्य’ म्हणतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. लिस्बनच्या घरांचे जे झाले, त्याचे सारे खापर संगणक घेऊन आलेल्या माणसावर फोडणे खोटे ठरेल. तो बराच उशिरा आला. २०११ साली पोर्तुगालने ७८ अब्ज युरोंचे आंतरराष्ट्रीय कर्ज घेतले आणि त्याबरोबर आलेल्या अटी स्वीकारल्या. २०१२ च्या भाडेकायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण सैल केले. त्याच वर्षी गुंतवणुकीच्या बदल्यात निवासाचा ‘गोल्डन व्हिसा’ आला. त्यात पाच लाख युरोंचे घर घेणे हा मुख्य मार्ग होता, आणि तो २०२३ मध्ये बंद करावा लागला. २०१४ मध्ये पर्यटकांना अल्पकाळ घरे देण्याचा धंदा कायद्याने सुटसुटीत केला गेला. २००९ पासूनच नव्याने येणाऱ्या परदेशी रहिवाशांना खास करसवलत होती: ठरावीक व्यवसायांतल्या कमाईवर दहा वर्षे सरसकट २० टक्के कर. तिथल्या सामान्य करदात्यासाठी सर्वांत वरचा दर ४८ टक्के होता. ती योजना २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी बंद झाली, आणि तिच्या जागी आणखी मर्यादित अशी दुसरी आली. १९८१ साली लिस्बन शहरात आठ लाखांवर माणसे राहत. २०२१ च्या जनगणनेत ती साडेपाच लाखांच्या आत आली. उपनगरांकडे जाण्याचा ओघ यांपैकी बहुतेक निर्णयांच्या आधीपासून होता हे खरे; पण या निर्णयांनी परतीची वाट बुजवली. १ एप्रिल २०२३ रोजी लिस्बनसह अनेक शहरांत लोक रस्त्यावर आले, ते ‘राहायला घर’ एवढ्या साध्या मागणीसाठी.

तेव्हा दोष राज्यकर्त्यांचा, घरमालकांचा आणि भांडवलाचा मोठा आहे. पण म्हणून आमंत्रित पाहुणा निर्दोष ठरत नाही. आणि त्या आमंत्रणाला ‘जगाचा नागरिक होणे’ असे नाव देणारा लेखक तर मुळीच ठरत नाही.

आता त्याच शहरातला दुसरा परदेशी माणूस पाहू. लिस्बनमधील मोरारिया ही जुनी वस्ती. नाव मूर लोकांवरून आले, कारण बाराव्या शतकात शहर जिंकले गेल्यावर मुसलमानांना तिथे ठेवले गेले. आज तिथल्या नूतनीकरण झालेल्या घरांत उत्तरेकडचे पगारदार राहतात, आणि बेन्फोर्मोझो नावाच्या रस्त्यावर बांगलादेशी, भारतीय, पाकिस्तानी माणसांची दुकाने आणि दाटीवाटीची घरे आहेत. १९ डिसेंबर २०२४ रोजी पोलिसांनी हा रस्ता बंद करून झडती घेतली आणि डझनावारी स्थलांतरितांना भिंतीकडे तोंड करून उभे केले. ती छायाचित्रे देशभर गाजली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला. अर्जाची रांग आणि भिंतीकडची रांग एकाच राज्याने लावलेली आहे, आणि दोन्ही रांगांतली माणसे परदेशातून कामासाठीच आलेली आहेत.

दक्षिणेकडील ओदेमिरा भागात तर ऊन हेच भांडवल आहे. तिथल्या प्लास्टिकच्या हरितगृहांत रासबेरी पिकते आणि उत्तर युरोपच्या बाजारात जाते. ती खुडणाऱ्यांत नेपाळी, भारतीय, बांगलादेशी मजूर मोठ्या संख्येने असतात. एप्रिल-मे २०२१ मध्ये करोनाच्या साथीत या भागातील काही वस्त्यांभोवती नाकेबंदी झाली, तेव्हाच एकेका घरात किती माणसे कोंबलेली आहेत हे पोर्तुगालला ‘कळले’. हेही उन्हाच्या देशात कामाला आलेले लोक. यांना मात्र ‘नोमॅड’ म्हणायचे कोणाला सुचले नाही.

मराठी-कोकणी मुलुखाशी या गोष्टीचा धागा आहे, आणि तो उलट दिशेने जातो. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. हजारो गोवेकरांनी ती केली. पण लिस्बनच्या उन्हात बसण्यासाठी नव्हे. तो पासपोर्ट घेऊन ते इंग्लंडात गेले, स्विंडनसारख्या शहरात, गोदामांत आणि कारखान्यांत पाळ्या करायला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२० च्या अखेरीस नव्याने जाणाऱ्यांसाठी ही वाट बंद झाली. उबेतून थंडीत जाणाऱ्या या माणसाच्या स्थलांतरावर कोणी चकचकीत पुस्तिका काढली नाही. त्याला भारतीय नागरिकत्व सोडावे लागले, गावच्या मतदार यादीतून नाव गेले, आणि तरी तो कोणाच्याच लेखी ‘जगाचा नागरिक’ झाला नाही. एकच पासपोर्ट, एकच युरोप. फरक फक्त पगार कुठून निघतो आणि कुठे खर्च होतो याचा.

साहित्याच्या वाचकांना लिस्बन माहीत असते ते बहुधा फर्नांदो पेसोआमुळे. त्याच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी, १९८२ साली पुस्तकरूपाने आलेल्या आणि इंग्रजीत ‘द बुक ऑफ डिस्क्वायट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गद्यग्रंथाचा निवेदक बेर्नार्दो सोआरेश हा हिशेबनिसाचा मदतनीस आहे. बाइशा भागातल्या एका रस्त्यावर तो नोकरी करतो आणि त्याच रस्त्यावर भाड्याच्या खोलीत राहतो. प्रवासाची त्याला गरज वाटत नाही. खुद्द पेसोआ व्यापारी पेढ्यांची परदेशी पत्रे इंग्रजी-फ्रेंचमध्ये लिहून देत असे. परदेशाशी रोजचा पत्रव्यवहार, वेळ बरीचशी स्वतःच्या हातात आणि एका पेढीला बांधून न घेणे: आजच्या जाहिरातीची भाषा वापरायची तर तोच पहिला ‘दूरस्थ कामगार’. पण मोबदला त्याला लिस्बनच्या भावाने मिळे आणि भाडेही तो लिस्बनच्याच भावाने देई. आयुष्याची अनेक वर्षे तो भाड्याच्या खोल्या बदलत राहिला. त्या शहराविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार या समान भावातून येतो, असे आम्हांला वाटते. आज बाइशाचा परिसर पर्यटकांना दिलेल्या घरांसाठी शहरात अग्रेसर आहे. हिशेबनिसाच्या मदतनिसाला त्या रस्त्यावर खोली परवडणार नाही. त्याच्यावर पुस्तक लिहायला आलेल्या माणसाला परवडेल.

आमच्या म्हणण्यावर काही आक्षेप येतील, ते आधीच घेऊ. पहिला: या लोकांमुळे खाणावळी चालतात, रोजगार मिळतो, गावे जिवंत राहतात. काही प्रमाणात हे खरे आहे. माणसे सोडून चाललेल्या गावात एक कुटुंब येऊन राहिले, शाळेत मूल घातले, तर त्याचे स्वागतच व्हावे. पण बहुसंख्य येणारे ओस गावांत जात नाहीत. ती आधीच भरलेल्या, आधीच सुंदर आणि आधीच महाग झालेल्या पेठांत उतरतात. शिवाय कॉफी आणून देणाऱ्या मुलीला त्या पेठेत राहता येत नसेल, तर तिला मिळालेला रोजगार हा रोजच्या दोन तासांच्या प्रवासासह मिळालेला रोजगार आहे, हेही हिशेबात धरावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ‘बाहेरचे आले म्हणून घरे गेली’ ही भाषा परदेशी-द्वेषाची भाषा नव्हे काय? धोका खरा आहे. मुंबईत ‘उपरे’ हा शब्द राजकारणात कसा वापरला गेला, हे मराठी माणसाला सांगायला नको. ४ जुलै २०२५ रोजी मेक्सिको शहरातील कोन्देसा आणि रोमा या पेठांत भाडेवाढीविरुद्ध मोर्चा निघाला, तेव्हाही काही घोषणा आणि काही दगड माणसांच्या दिशेने गेले. ते चूकच. पण त्याच शहराच्या सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरबीएनबीशी करार करून दूरस्थ नोकरदारांना बोलावणे धाडले होते, हे विसरून त्या रागाचा अर्थ लागत नाही. आणि परदेशी-द्वेष टाळायचा उपाय सधन परदेशी माणसाला टीकेतून सूट देणे हा नव्हे. सधन आणि निर्धन दोघांनाही एकाच कसोटीने मोजणे हा आहे. आज द्वेष वाट्याला येतो तो बेन्फोर्मोझो रस्त्यावरच्या दुकानदाराच्या. करसवलत वाट्याला येते ती त्याच्या शेजाऱ्याच्या.

तिसरा आक्षेप घरचा आहे. आपली मुले-मुलीही आता हेच करतात. पुण्या-बंगळुरूच्या कंपनीचा पगार घेऊन गोव्यात आसगाव-शिवोलीला जाऊन राहतात, आणि ज्यांना जमते ती लिस्बनला किंवा बालीला. मग आपण त्यांना गुन्हेगार ठरवायचे का? नाही. पण २०२० नंतर गोव्याच्या त्या गावांत भाडी कशी वाढली, हे तिथल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिसाच्या रांगेत जे अपमान सोसावे लागतात ते खरे आहेत. पण रांग ओलांडल्यावर तो कोणत्या बाजूला उभा राहतो, हा प्रश्न त्या अपमानांनी मिटत नाही. दर पाहुण्याने अपराधी वाटून घ्यावे असा आमचा आग्रह नाही. अपराधभावनेने भाडे उतरत नसते. आमचा आग्रह आहे तो नेमके बोलण्याचा.

आणि इथे साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम सुरू होते. या जगण्यातून मराठीतही लेखन येऊ लागले आहे आणि ते वाढणार आहे. त्यात समुद्र असेल, संध्याकाळ असेल, संगणक मिटून घेतलेला पहिला घोट असेल. त्यातले काही चांगलेही असेल. आमची सूचना एवढीच, की असे लेखन वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात. घरमालकाला त्यात काही चेहरा आहे का? लेखक राहतो त्या घरात आधी कोण राहत होते, याचा एखादा शब्दाने तरी उल्लेख आहे का? आणि तिथले लोक केवळ ‘प्रेमळ’, ‘संथ’, ‘हसतमुख’ आहेत, की त्यांना काम, कर्ज, राग अशा गोष्टीही आहेत? ज्या लेखनात या तिन्हींचा मागमूस नाही, ते प्रवासवर्णन नव्हे. ती निवासाची जाहिरात आहे, लेखकाच्या नकळत लिहिलेली. वसाहतकाळातील गोऱ्यांच्या वर्णनांत नोकर दिसत आणि त्यांची गावे दिसत नसत, हे आपण वर्गात शिकवतो. तीच नजर स्वतःच्या भाषेतल्या ताज्या लेखनावर वळवायला काय हरकत आहे?

राहता राहिला शब्दाचा प्रश्न. ‘भटके’ नको, तर काय म्हणावे? नवा शब्द घडवण्याची गरजच नाही. मराठीत ‘स्थलांतरित’ हा साधा, कोरडा, सरकारी कागदांतही चालणारा शब्द आहे. रासबेरी खुडणाऱ्या नेपाळी मजुरासाठी आपण तो वापरतो, स्विंडनच्या गोवेकरासाठी वापरतो, ऊसतोडीला निघालेल्या बीडच्या जोडप्यासाठी वापरतो. तोच शब्द लिस्बनच्या गच्चीवर संगणक उघडून बसलेल्या अभियंत्यासाठी वापरावा. यात त्याचा अपमान नाही. उलट त्याला प्रथमच इतर माणसांच्या रांगेत जागा मिळते. आणि एकदा का ‘स्थलांतरित’ म्हटले, की या शब्दामागून नेहमी येणारे प्रश्न आपोआप येतात: कुठून आला, कशासाठी आला, मजुरी किती, राहतो कुठे, कर कुठे भरतो, कोणाच्या जागी आला, परत कधी जाणार. गरीब स्थलांतरिताला हे प्रश्न दररोज विचारले जातात, पोलिसांकडून आणि शेजाऱ्यांकडून. श्रीमंत स्थलांतरिताला ते निदान आपल्या लेखनाने तरी विचारावेत.

‘भटके’ हा शब्द ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवला आणि मग त्याचे साहित्य केले, त्यांच्याकडेच तो राहू द्यावा. भाषांतराचा तास घेणाऱ्या शिक्षकांना आमची विनंती आहे, की विद्यार्थ्याच्या वहीत ‘डिजिटल भटके’ आढळले तर ते खोडावे, आणि का खोडले हे त्याला ‘उपरा’ हातात देऊन सांगावे.